आबांची उचल

ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत ज्या घराचं नाव असतं, त्या घरातल्या माणसाला देवाची कृपा समजायला जरा उशीरच लागतो, असं माझं मत होत चाललंय. निदान आमच्या घरात तरी तसं झालं.

आमचं गाव साक्री तालुक्याच्या पश्चिमेला. माझा जन्म चिंचपाड्याच्या ख्रिस्ती दवाखान्यातला. आता मी नंदुरबारला असते, शाळेत शिकवते. आबा आणि माय ऊसतोडीला गुजरातेत जायचे, बारडोलीकडे. पावसाळ्यात घरातले दाणे संपत आले, की बरोबर त्याच सुमारास मुकादम यायचा, खाटेवर बसून चहा प्यायचा आणि उचल मोजून द्यायचा. दिवाळी झाली की ट्रक भरून कोयते निघायचे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हत्याराचं नाव माणसांना, यातच काय ते समजा. मजुरी टनावर, पण हातात यायचे ते खाण्यापुरते. बाकी सगळं वहीत. आजारी पडलं तर खाडा. मायला ताप आला तरी खाडा दोघांचा, कारण कोयता जोडीचा. उन्हाळ्यात परत येताना हिशोब व्हायचा आणि मुकादम म्हणायचा, ‘अजून थोडी अंगावर आहे.’ आबांची उचल फिटली, असं मी कधी ऐकलंच नाही. ती फिटावी म्हणून देतच नाहीत. पुढच्या साली माणूस दुसरीकडे जाऊ नये, म्हणून देतात.

हे एवढं लांबण लावायचं कारण असं, की बाप्तिस्मा घेतल्यावर कितीतरी वर्षं मी देवाची कृपा अशीच अंगावर घेऊन फिरत होते. येशूने वधस्तंभावर जीव दिला, म्हणजे मोठी उचल मिळाली. आता आयुष्यभर ती फेडायची. पहाटेची प्रार्थना, शुक्रवारचा उपास, पगार झाला की आधी दशमांश, म्हणजे दहावा हिस्सा देवाला. शुक्रवारी शाळेत कुणी आग्रहाने चहा पाजला, की दिवसभर वाटायचं, खाडा पडला. एखाद्या रविवारी चर्चला जाणं झालं नाही आणि त्याच आठवड्यात पोराला ताप आला, तर हिशोब लगेच जुळायचा. उपदेशातही एक वाक्य हमखास येतं: ‘प्रभूने तुमच्यासाठी एवढं केलं, तुम्ही त्याच्यासाठी काय करता?’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. मला मात्र त्यात खाटेवर बसून चहा पिणारा माणूस ऐकू येतो.

बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल सरळ मजुरीचीच भाषा करतो. जो काम करतो त्याची मजुरी ही काही कृपा नव्हे, ते त्याचं येणं आहे. आणि जो काम करत नाही, पण अधर्म्यालाही नीतिमान ठरवणाऱ्यावर विश्वास ठेवतो, त्याचा विश्वासच नीतिमत्त्व म्हणून मोजला जातो. हे वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, या माणसाला मुकादम माहीत होता. येणं आणि दान या दोन गोष्टी तो एका वहीत मांडूच देत नाही.

उशीर फक्त आमच्यासारख्यांनाच लागतो असंही नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. केवढी विद्वान बाई, शास्त्रं कोळून प्यालेली. पण पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिलं, की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. त्याला आणखी आठ वर्षं गेली. मला याने मोठा धीर आला. रमाबाईंना आठ लागली, तर मला वीस लागली म्हणून बिघडलं काय?

आमच्या बायकांच्या प्रार्थनेत एकदा द्राक्षमळ्याचा दाखला निघाला, मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या विसाव्या अध्यायातला. मालक पहाटेच मजूर लावतो, एक दिनार ठरवून. दिनार म्हणजे त्या वेळची दिवसाची मजुरी. मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी संध्याकाळी पाचला आणखी माणसं लावतो. दिवस बुडाला की सगळ्यांना एकेक दिनार, तोही शेवटून आलेल्यांना आधी. आमच्याकडच्या निम्म्या बायका मिरचीच्या पथाऱ्यांवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मैदानांवर, देठ खुडायला जातात. मजुरी किलोवर. संध्याकाळपर्यंत बोटांची अशी आग होते, की रात्री लेकराच्या तोंडाला हात लावायची सोय नसते. त्यांना दाखला अजिबात आवडला नाही. एक मावशी फणकाऱ्याने म्हणाली, ‘असा मालक ऱ्हायना तं सकायमा कामले कोन जाई?’ असा मालक असला तर सकाळी कामाला जाईल कोण! सगळ्या हसल्या, पण प्रश्न खरा होता आणि पास्टरांकडे उत्तर नव्हतं.

उत्तर मिळालं ते दुसऱ्याच बाईकडून. ती म्हणाली, पाचपर्यंत नाक्यावर उभं कोण राहतं, बघितलंय का? चांगले धडधाकट गडी सातलाच निघून जातात. उरतो म्हातारा, पाय ओढत चालणारा, नाहीतर कडेवर पोर असलेली बाई. दाखल्यातले तेही तेच सांगतात, आम्हाला कोणी कामावर लावलं नाही. आळशी म्हणत नाहीत स्वतःला. आणि चूल तर त्यांच्या घरीही एका दिवसाच्याच मजुरीने पेटते. मी इतकी वर्षं हा दाखला वाचत होते ती सकाळच्या मजुराच्या जागी उभी राहून. पाचवाल्यांच्या रांगेत आपण असू शकतो, हे डोक्यातच आलं नव्हतं.

आता माझ्या धाकट्या बहिणीचं. तिला विचारूनच लिहिते आहे.

तिच्या नवऱ्याच्या टेम्पोचं इंजिन गेलं. घरात हप्त्याचं कर्ज, बायकांच्या गटावर मिळतं तसलं. दर आठवड्याला मीटिंग. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी भरायचा, नाहीतर वसुलीवाला कुणालाच उठू देत नाही. मग गट तिच्या दारात येऊन बसतो. शेजारी बघतात, पोरं शाळेतून येऊन बघतात. गटातल्या एकीने तिचे हप्ते खिशातून भरले, आणि ती बाई चर्चमध्ये तिच्याच बाकावर बसते. बहिणीने चर्चला येणंच सोडलं. सकाळी पथारीवर, संध्याकाळी अंधार पडल्यावर घरी, रविवारी डोकं दुखतंय.

मी गेले समजवायला. देव क्षमा करतो वगैरे बोलू लागले. ती म्हणाली, ‘क्षमा कशाची? मी काय केलंय?’ आणि खरंच, तिने काहीच केलं नव्हतं. आमची कृपेची सगळी भाषा पापाची. पाप कबूल करा, क्षमा घ्या, मोकळे व्हा. पण जिला नुसतीच तोंड दाखवायला जागा उरली नाही, तिने कबूल काय करायचं? तिला देवाची लाज वाटतच नव्हती. लाज वाटत होती ती बाकावरच्या बाईची.

मग मार्काचा पाचवा अध्याय काढला. बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेली बाई. तिचंही पाप कुठे लिहिलेलं नाही. वैद्यांच्या पायी होतं नव्हतं ते सगळं घालवून बसली, आणि विटाळाच्या नियमामुळे माणसांतून उठली. म्हणून गर्दीत मागून येते, लपून, येशूच्या वस्त्राला शिवते. बरी होते. इथे खरं तर काम झालं होतं, तिला गुपचूप जाऊ देता आलं असतं. शिवाय येशू निघाला होता सभास्थानाच्या अधिकाऱ्याच्या घरी. त्याची लेक मरायला टेकलेली, एकेक क्षण मोलाचा. तरी तो थांबतो, विचारतो, मला कोण शिवलं. सगळ्या गर्दीसमोर तिला बोलतं करतो, तिचं सगळं ऐकून घेतो आणि ‘मुली’ म्हणतो. गावचा मोठा माणूस तोवर उभाच.

मला वाटलं, आता बहिणीच्या डोळ्यांत पाणी येईल. ती म्हणाली, ‘पण वैद्यांना दिलेले पैसे परत मिळाले का तिला?’

नाही मिळाले. तसं काही लिहिलेलं नाही. कृपेने हप्ता फिटतो असं मी सांगितलं, तर ते खोटं बोलणं होईल. आमच्याकडे अशा साक्षी देणारे आहेत, प्रार्थना केली आणि कर्ज उडालं. मला त्या ऐकवत नाहीत. आणि बाकावरची बाई चिडलेली आहे, ती असणारच. सकाळपासून राबलेली तीच तर आहे. तिच्या खिशातले गेलेत. कृपा कृपा म्हणून तिलाच गप्प बसवायचं, हेही मला पटत नाही.

म्हणून मी पाकीट नेलं. म्हटलं, हे त्या बाईला दे, मला परत नको. बहिणीने पेन मागितलं, वहीत लिहायला. मी म्हटलं, लिहायचं नाही. ती म्हणाली, मग मी घेत नाही. तू मोठी नोकरीवाली, उद्या भांडण झालं की काढशील. तासभर हाच वाद. घेणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं. द्यायला तर मी हौसेने निघाले होते. आणि ती म्हणते त्यात तथ्य नव्हतं असंही नाही. परत नको म्हणणाऱ्यांनी पुढे दहा वेळा आठवण करून दिलेली आम्ही दोघींनी पाहिली आहे.

माय कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती. उठली, हात लुगड्याला पुसले, पाकीट कमरेला खोचलं आणि चपला घातल्या. ‘तुम्ही दोन्हीजनी हिसाब करत बठा,’ म्हणाली, आणि त्या बाईचं घर कोणत्या गल्लीत आहे ते विचारून निघाली.