झाकणाची पेटी: आमची वाटचाल

भेटवस्तू सजवून, भरून देण्याचं आमचं काम टोपल्यांपासून सुरू झालं. आज गाळ्यातून बाहेर पडणाऱ्या दहा नगांपैकी आठ झाकणाच्या पेट्या असतात. हा बदल कसा झाला ते लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं, कारण या धंद्यात नव्याने येणाऱ्या मुली फोन करतात आणि पहिला प्रश्न हाच विचारतात, "ताई, टोपल्या करू की बॉक्स?" फोनवर दोन मिनिटांत याचं उत्तर देता येत नाही.

2011 साली माझ्या धाकट्या जावेचं डोहाळेजेवण होतं. पुण्यात मंडईजवळच्या बुरुड आळीतून मी सात दुरड्या आणल्या. फळांची एक, सुक्या मेव्याची एक, बांगड्यांची, फुलांची, साडीची आणि दोन गोडाच्या. ओल्या बांबूचा वास घरभर दोन दिवस होता. कार्यक्रमाला आलेल्या बायकांनी ओटी भरून झाल्यावर पहिली चौकशी केली ती दुरड्या कोणी सजवल्या याची. त्या महिन्यात तीन कामं आली. तेव्हा धंदा करायचा असं काही ठरलेलं नव्हतं. जेवणाच्या टेबलावर काम चालायचं आणि पाहुणे आले की सगळं पलंगाखाली जायचं.

टोपली भरणं हे कौशल्याचं काम आहे आणि मला ते आजही मनापासून आवडतं. तळाशी कागदाची कात्रणं दाबून भरायची. उंच वस्तू मागे, बुटक्या पुढे, म्हणजे समोरून पाहणाऱ्याला सगळं दिसतं. बाटली सरळ उभी न करता किंचित मागे कलती ठेवायची. मग जिलेटीन पेपर खालून वर घ्यायचा, चुण्या एका मुठीत गोळा करायच्या आणि रिबन आवळायची. रिबन सैल राहिली की वाटेत सगळं एका बाजूला झुकतं. पण हेही खरं की भरगच्च दिसणाऱ्या टोपलीत निम्मी जागा कात्रणांची असते. आधी थर्माकोलचे तुकडे टाकायचो. 2018 च्या मार्चमध्ये राज्यात प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा ते पूर्ण थांबवलं. गिऱ्हाईकंही जिलेटीन पेपरबद्दल विचारायला लागली होती, "हा कागद कशाला? उघडल्यावर कचऱ्यातच जाणार ना?"

मला खरं वळण दिलं ते कोथरूडच्या एका काकूंनी. त्यांची मुलगी न्यू जर्सीला. दिवाळीचा फराळ तिला टोपलीतच पाठवायचा, असा त्यांचा हट्ट होता. मीही जीव ओतून टोपली केली. चकल्या, चिवडा, बेसनाचे लाडू, करंज्या, मधे एक पणती. दुसऱ्या दिवशी काकू परत आल्या त्या हातात रिकामी टोपली घेऊन. कुरियरच्या दुकानात त्यांनी सगळं बाहेर काढून साध्या खोक्यात भरलं होतं. "छान आहे गं, पण ही काही जात नाही," एवढंच म्हणाल्या.

का जात नाही ते मी मग त्या दुकानात जाऊन समजून घेतलं. कुरियरवाले काट्यावरचं वजन पाहतात आणि पार्सलने अडवलेली जागाही पाहतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करतात, परदेशी पार्सलला बहुतेक ठिकाणी 5,000 ने भागतात आणि दोन्हींत जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. माझी टोपली 30 बाय 30 आणि उंची 40. म्हणजे 36,000 भागिले 5,000, 7.2 किलो. काट्यावर मात्र ती 2 किलो 600 ग्रॅम भरली होती. काकूंनी साडेचार किलो पोकळीचं भाडं भरायचं होतं. तोच फराळ 30 बाय 22 बाय 10 च्या पेटीत बसवला तर हिशेब 1.32 वर येतो, आणि मग पैसे खऱ्या वजनाचेच लागतात. त्या रात्री मी हे आकडे चारदा मांडले.

माझे यजमान तेव्हा एका छापखान्यात होते. कागद, पुठ्ठा, डाय म्हणजे पुठ्ठा कापायचा साचा, हे सगळं त्यांच्या हाताखालचं. ते म्हणाले, पेटी करणं काही अवघड नाही. पेटी खरंच अवघड नव्हती. अवघड झाकण होतं, आणि ते शिकायला आम्हाला दोन वर्षं लागली.

पहिल्या लॉटचे 250 नग आम्ही 2 मिलिमीटरच्या पुठ्ठ्यात केले. माप कोऱ्या पुठ्ठ्यावर घेतलं होतं. पण तळाला बाहेरून कागद चिकटतो, झाकणाचा कागद कडेवरून आत दुमडतो, आणि कोपऱ्यात तर त्याचे दोन-तीन थर येतात. आम्ही मोकळीक ठेवली होती फक्त 1 मिलिमीटर. झाकणं अडकली. जोर लावला की कोपरा फाटायचा. निम्मा लॉट वाया गेला आणि उरलेला ओळखीत वाटला. तेव्हापासून तळाच्या बाहेरच्या मापात 3 मिलिमीटर मिळवून झाकणाचं आतलं माप धरतो, आणि जाड हातकागद असेल तर 4. पेटी तयार झाली की आमची परीक्षा ठरलेली आहे. झाकण वर टेकवायचं आणि हात काढून घ्यायचा. आतली हवा बाहेर जाता जाता ते स्वतःच्या वजनाने सावकाश खाली बसलं पाहिजे. एकदम धपकन पडलं तर सैल, अर्ध्यात थांबलं तर घट्ट. गाळ्यातल्या मुली तोंडाने एक, दोन, तीन मोजतात. तीनला बसलं की तो नग पास.

दुसरा धडा राखीच्या ऑर्डरीत मिळाला. ऐन पावसात केलेली झाकणं दोन दिवसांत पापडासारखी वाकली. दोष पुठ्ठ्याचा असेल म्हणून पुठ्ठा बदलला, तरी तेच. मग एका जुन्या बाइंडरकडून कारण कळलं. खळ लावली की कागद ओला होऊन फुगतो, वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्या बाजूला ओढतो. एकाच बाजूला कागद असेल तर ओढही एकाच बाजूची. उपाय म्हणजे आतूनही कागद लावायचा, म्हणजे दोन्ही ओढी सारख्या होतात. शिवाय कागदातले आणि पुठ्ठ्यातले धागे, म्हणजे आतले तंतू, एकाच दिशेला येतील असं पाहायचं आणि वाळेपर्यंत वर वजन ठेवायचं. आमच्याकडे त्यासाठी जुन्या फरशांचे तुकडे आहेत. जून ते सप्टेंबर गाळ्यात दिवसभर त्या फरशाच दिसतात.

तिसरी गोष्ट एका वाकलेल्या पोराने शिकवली. पूर्ण उंचीचं झाकण पेटीला फार देखणं दिसतं, तळ अजिबात दिसत नाही. पण तशी पेटी माणूस झाकण धरूनच उचलतो. पार्सल पोचवणाऱ्या मुलाने आमची पेटी गिऱ्हाइकाच्या दारात अशीच उचलली, तळ सावकाश खाली सरकला आणि लाडू जिन्यात गेले. तो बिचारा एकेक लाडू वेचत होता आणि रडकुंडीला आला होता. चूक त्याची नव्हती, आमची होती. आता प्रवासाच्या पेटीला झाकण तळाच्या दोन तृतीयांशच ठेवतो, दोन बाजूंना अंगठ्याची खाच देतो आणि सगळ्याभोवती कागदी पट्टा गुंडाळतो.

आतली मांडणी सोपी होती, तिथे फार धडपडावं लागलं नाही. लाडवांना खळगे, चकल्यांची उभी चवड, करंज्या कडेवर उभ्या म्हणजे कड मोडत नाही. चिवड्याचं तेल पुठ्ठ्यात उतरतं म्हणून तो नेहमी सीलबंद पाकिटात.

पेटी जमली तरी ती विकायला यायला हवी होती. पहिल्या दिवाळीत मी बंद पेट्यांची सुरेख चवड रचून फोटो टाकले. एक फोन आला नाही. टोपली दुरूनच सांगते माझ्यात काय आहे ते. बंद पेटी काहीच सांगत नाही. फोटोत ती कुठल्याही चपलांच्या खोक्यासारखी दिसते. मग आम्ही झाकण तळाला टेकवून फोटो काढायला लागलो, निम्मं आतलं दिसेल असे. त्याहून चांगलं चाललं ते दहा-बारा सेकंदांचं चित्रण. दोन हात, झाकण सावकाश वर येतं, खालचा बटर पेपर बाजूला होतो. त्यात माझ्या सासूबाईंचे हात आहेत, हिरव्या बांगड्यांचे. गिऱ्हाईकं अजून विचारतात, त्या आजी कोण?

प्रदर्शनात मात्र आम्ही पेटी बंदच ठेवतो. माणसाचा हात झाकणाकडे आपोआप जातो. एकदा स्वतःच्या हाताने उघडली की तो थांबतो, पोराला हाक मारतो, बायकोला दाखवतो. "एवढ्या पैशात टोपली केवढी मोठी येते," हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. मी वाद घालत नाही. शेजारी त्याच किमतीची टोपली ठेवते, त्यांच्यासमोर ती रिकामी करते आणि त्यातला सगळा माल पेटीत मांडते. बसतो, वर जागा उरते. मागे टेबलावर कात्रणांचा ढीग राहतो. त्यानंतर बोलावं लागत नाही.

तरीही मी टोपली सोडलेली नाही, आणि याबद्दल माझं मत ठाम आहे. भेट मांडायची आहे की पोचवायची आहे, हे आधी विचारायचं. रुखवत, डोहाळेजेवण, बारसं इथे वस्तू चारचौघांत मांडल्या जातात. आत्या, मावश्या, शेजारणी वाकून वाकून बघतात आणि त्यातच त्या भेटीचा मान असतो. तिथे झाकण घालणं म्हणजे सगळ्यांचा आनंद झाकणं. रुखवताला पेट्या मागणाऱ्यांना मी स्वतः टोपल्या घ्यायला सांगते, पेटीत मला जास्त सुटत असले तरी. जी भेट जिना चढणार, गाडीत बसणार, समुद्र ओलांडणार आणि एकट्या माणसाच्या हातात पडणार, तिला पेटी.

पेटीची अडचण जागेची. पन्नास टोपल्या एकात एक घालून एका कोपऱ्यात उभ्या राहतात. पन्नास पेट्यांना अख्खं कपाट लागतं. घर पुरेना म्हणून नऱ्ह्याला गाळा घेतला. आता तीन मापं अशी ठरवली आहेत की लहान पेटी मधलीत आणि मधली मोठीत बसते. घडीच्या चुंबकवाल्या पेट्याही करून पाहिल्या. जागा वाचली, पण कडांना दोन-तीन उघडझापांत चिरा दिसायला लागल्या, म्हणून बंद केल्या.

पैशाचा एक अनुभव सांगायलाच हवा. 2019 च्या दिवाळीला एका मोठ्या कंपनीची ऑर्डर मिळाली, तोवरची आमची सर्वांत मोठी. माल वेळेवर गेला, कौतुकाचा मेल आला, पैसे येईनात. होळी झाली, आणि मार्चमध्ये टाळेबंदी लागली. पुठ्ठ्यावाल्याची उधारी आम्ही माझ्या बांगड्या ठेवून भागवली. पैसे शेवटी आले, पण आमचं ते वर्ष गेलं. आता निम्मी रक्कम आधी घेतल्याशिवाय कटिंग सुरू करत नाही. नव्या मुलींना मी सांगते, उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या आणि बिलावर तो क्रमांक छापा. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत, म्हणजे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत दिले नाहीत आणि मार्चअखेरीलाही थकलेले राहिले, तर 2024 पासून कंपनीला तो खर्च त्या वर्षीच्या करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. त्यामुळे मार्चअखेरीला आता अकाउंट्समधून त्यांचाच फोन येतो.

टाळेबंदीनंतरच्या दिवाळीत लोक एकमेकांकडे जायला धजावत नव्हते. भेट पाठवायचीच होती. त्या वर्षी पेटीने आम्हाला तारलं.

पण टोपल्या कमी झाल्या तशी बुरुड आळीतली माझी खेपही कमी झाली, आणि ते मला खात होतं. ज्या काकांकडून पहिल्या सात दुरड्या घेतल्या, त्यांनी एकदा सहज विचारलं, "काय बाई, आमच्यावर रागावलात का?" घरी येऊन मी यजमानांना म्हटलं, पेटीच्या आत पुठ्ठ्याच्या खळग्यांऐवजी बांबूचा विणलेला चपटा ट्रे बसवू. काढून घेतला की घरात फुलांना, फळांना वापरता येईल असा.

काका तयार झाले. मी माप लिहून दिलं, 294 बाय 214 मिलिमीटर. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि परत दिला. त्यांचं माप वीत आणि बोटांचं. पहिले दहा ट्रे आले त्यांतले सहा पेटीत बसेनात, चार आत खडखडत होते. बांबू वाळला की आकसतो, तेही आम्ही धरलं नव्हतं. दुसरी खेपही तशीच. मी नाद सोडायच्या बेतात होते, तेव्हा काकाच म्हणाले, "बाई, मोजपट्टी नको. तुमचं खोकंच ठेवा इथे."

त्यांनी तळ मांडीवर घेतला, पात्या आधी दोन दिवस उन्हात वाळवून घेतल्या, आणि तळाच्या आतच विणायला सुरुवात केली. काठ बाहेर बांधायचा, आत घालून बघायचा, पुन्हा काढून आवळायचा. तासाभराने ट्रे पेटीत बसला, बोट घालून उचलता येईल एवढीच फट ठेवून. मी वरून झाकण टेकवलं आणि हात काढला. काका झाकणाकडे बघत राहिले, ते सावकाश खाली बसेपर्यंत.

आता दर मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, प्रत्येक मापाचे दोन-दोन रिकामे तळ मी त्यांच्या ओट्यावर पोचवून येते. यंदा त्यांच्या सुनेने अजून दोन जास्त मागून घेतले आहेत.