कॅलिको संग्रहालय ज्येष्ठांच्या गटाबरोबर पाहताना

अहमदाबादला शाहीबागेत कॅलिको वस्त्रसंग्रहालय आहे, १९४९ साली स्थापन झालेलं. प्रवेश आगाऊ नोंदणीवरच, बुधवारी बंद. आत फोटो काढायचे नाहीत, कापडाला हात लावायचा नाही आणि मार्गदर्शकाबरोबरच फिरायचं. गुडघे दुखत असतील तर जिन्यांची चौकशी नोंदणी करतानाच करून घ्यावी.

हात लावता येत नाही, म्हणून निघण्याआधी मी प्रत्येकीला आपली पैठणी उलटून बघायला सांगते. हातमागावरच्या पैठणीत नक्षीचा प्रत्येक रंग आपापल्या जागीच बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत, गुंतवलेला असतो, त्यामुळे उलटी बाजू जवळजवळ सुलटीसारखीच दिसते. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी यंत्राने उठवणाऱ्या मागावर, विणलेली असेल तर मागे सुटे किंवा कापलेले धागे लोंबतात. एवढी नजर तयार झाली की आत पुष्कळ काही दिसू लागतं.

खरी अडचण उजेडाची. जुन्या कापडावर साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेडाचं माप), म्हणजे अगदी मंद प्रकाश ठेवतात, कारण प्रकाशाने झालेली हानी साठत जाते आणि भरून येत नाही. इकडे साठीच्या डोळ्यांत विशीच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो. उन्हात काळा होणारा चष्मा निवळायला वेळ घेतो. दाराशीच तो डबीत ठेवून साधा घालावा. दुभिंगी चष्म्याची खालची काच वाचनाच्या अंतरासाठी असते, काचेमागचं कापड त्याहून लांब असतं आणि धूसर दिसतं. संगणकासाठीचा चष्मा असेल तर तोच बरोबर घ्यावा. पहिल्या दालनात काही मिनिटं नुसतं थांबावं.

सगळंच पाहू गेलं तर काहीच लक्षात राहत नाही. म्हणून तीनच गोष्टी निवडाव्यात.

पहिला पाटणचा पटोला. ताणा (उभे धागे) आणि बाणा दोन्ही विणण्याआधीच जागोजागी बांधून रंगवतात आणि मागावर रंगावर रंग आणून बसवतात. एका साडीला कित्येक महिने लागतात, ते यामुळेच. आकृतीच्या कडा बारीक पायऱ्यांच्या दिसतात. फक्त बाणा रंगवलेला असेल तर रंग आडव्या दिशेनेच फुटतो. हा फरक दोन तुकडे शेजारी पाहिले की पटकन कळतो.

दुसरी रंगवलेली छिटं, म्हणजे नक्षीदार सुती कापडं. तुरटी लावलेल्या जागी लाल चढतो, लोहाच्या पाण्याने काळा. काळ्या रेघांवरच कापड विरलेलं दिसतं, कारण लोह सूत खातं. या कापडांची युरोपात इतकी ओढ होती की फ्रान्सने १६८६ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली.

तिसरी काश्मिरी शाल. कुयरीवरून काळाचा अंदाज बांधता येतो: सतराव्या शतकात एकटं, नाजूक फुलझाड, अठराव्यात फुलांनी गच्च भरलेला झुपका, एकोणिसाव्यात लांबलचक, शेंडा वळलेली कुयरी, पदरभर पसरलेली.