रायनेच्या फ्योर्डचा हिवाळी पॅनोरमा: माझा अनुभव

नॉर्वेच्या लोफोटेन द्वीपसमूहातील रायने हे गाव सुमारे ६८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जानेवारीच्या अखेरीस मी तिथे होतो, तेव्हा सूर्य भरदुपारीही क्षितिजापासून जेमतेम तीन-चार अंश वर येत होता. फ्योर्डभोवतीची, म्हणजे जमिनीत आत घुसलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीभोवतीची, कड्यांची रांग एका फ्रेममध्ये मावणे शक्यच नव्हते, म्हणून पॅनोरमा, म्हणजे शेजारशेजारच्या फ्रेम्स जोडून एक रुंद चित्र, करायचे ठरवले.

पहिल्या दिवशीचा प्रयत्न फसला. कॅमेरा ऑटोवर राहिल्यामुळे तो दर फ्रेमला उजेड स्वतःच ठरवत होता; त्यामुळे बर्फाच्या शिखरांच्या फ्रेम्स काळपट आणि अंधाऱ्या पाण्याच्या फ्रेम्स उजळ आल्या, आणि त्या जोडल्यावर आकाशात उभे पट्टे उमटले. शिवाय पुढ्यातल्या खडकाची कड दोन ठिकाणी तुटलेली दिसत होती, कारण कॅमेरा वळवताना लेन्स जागच्या जागी न फिरता बाजूला सरकत होती.

दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या तासभर आधी पोहोचलो. ट्रायपॉड समतल केला आणि त्यावरच्या रेलवर (सरकपट्टीवर) कॅमेरा मागे-मागे सरकवत अशी जागा शोधली, जिथे जवळ रोवलेली काठी आणि दूरचा खांब कॅमेरा कितीही वळवला तरी एकाच रेषेत राहतील. हातमोजे काढून हे करताना बोटे बधिर झाली, पण खडकाची कड अखंड राहिली ती याच दहा मिनिटांमुळे. मग सर्वांत उजळ शिखरावर एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते) बेतून सगळे मॅन्युअल केले: आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, लेन्सचे छिद्र एफ/८, वेळ दोन सेकंद. रंगांचा समतोल ठरवणारा व्हाइट बॅलन्सही बांधून टाकला. पोलरायझर, म्हणजे चमक कमी करणारा फिल्टर, मुद्दाम काढला, कारण इतक्या रुंद चित्रात तो आकाशाचा एकच भाग गडद करतो.

एका फ्रेमला वेळ किती द्यावा, यावर मी बराच घुटमळलो. तीस सेकंद दिले असते तर पाणी काचेसारखे गुळगुळीत झाले असते. परंतु सात फ्रेम्सना साडेतीन मिनिटे लागली असती आणि तेवढ्यात ढग सरकले असते, शिखरांवरची गुलाबी छटा बदलली असती. म्हणून दोनच सेकंद ठेवले आणि दर वेळी वीस अंश वळत उभ्या फ्रेम्स घेतल्या, म्हणजे शेजारच्या दोन फ्रेम्समध्ये जवळजवळ निम्मा भाग सामाईक राहिला. सुटी बॅटरी आतल्या खिशात उबेला होती; तिसऱ्या फेरीनंतर तीच लावावी लागली.

खोलीवर परतताना कॅमेरा पिशवीत घट्ट बंद करून तासभर तसाच ठेवला, म्हणजे उबेत लेन्सवर दव धरणार नाही. संध्याकाळी फ्रेम्स जोडल्या तेव्हा आकाश सलग आले. सावलीतला बर्फ मात्र निळा दिसत होता. सॉफ्टवेअर तो पांढरा करून देत होते. मी तो निळाच ठेवला, कारण त्या सकाळी तिथे उभे असताना तो तसाच दिसला होता.