खाजन शेतातील नोंदयंत्रासाठी व्होल्टेज रेग्युलेटर निवडताना

गोव्यातल्या चोडण बेटावरच्या खाजन शेतात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीत, मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) आतल्या बाजूला, पाण्याची पातळी नोंदवून ती मोबाइलवर कळवणारे छोटे यंत्र मी बांधायला घेतले, तेव्हा सर्वांत जास्त वेळ वीजपुरवठा ठरवण्यात गेला. मांडवी नदीचे खारे पाणी भरतीला आत शिरले की भातपीक हातचे जाते, त्यामुळे आषाढातल्या सलग झडीतही यंत्र बंद पडून चालणार नव्हते. आधार एकच, सौर पॅनेलवर चार्ज होणारी 12 व्होल्टची बॅटरी. तिचे व्होल्टेज यंत्राला लागेल तेवढे खाली आणून स्थिर ठेवणारा भाग म्हणजे रेग्युलेटर, आणि निवड त्याचीच करायची होती.

झेनर डायोड लगेच बाद केला, कारण लोड (वीज वापरणारे यंत्र) निजलेला असला तरी मालिकेतल्या रेझिस्टरमधून करंट वाहतच राहतो. 7805 हा लिनिअर रेग्युलेटर, म्हणजे जास्तीचे व्होल्टेज उष्णतेत घालवणारा, मात्र लावून पाहिला. 12.6 व्होल्टवरून 5 व्होल्टवर अर्धा अँपिअर घेतला की 3.8 वॅट नुसत्या उष्णतेत जातात आणि हीटसिंक नसेल तर त्यावर बोट ठेववत नाही. एलएम2596 या स्विचिंग रेग्युलेटरची, म्हणजे वेगाने चालू-बंद होत व्होल्टेज उतरवणाऱ्याची, कार्यक्षमता 80 टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून पुष्कळ जण तुलना तिथेच आटोपती घेतात. माझ्या मते खरी तुलना तिथून पुढे सुरू होते. असे यंत्र दिवसातला बहुतेक वेळ निद्रावस्थेत असते आणि तेव्हा रेग्युलेटर स्वतःसाठी किती करंट घेतो, यावर सारे अवलंबून राहते. 7805 काय किंवा एलएम2596 काय, दोन्ही साधारण 5 मिलिअँपिअर घेतात. म्हणजे एकही नोंद न होता दिवसाला 120 मिलिअँपिअर-अवर खर्ची पडतात. एमसीपी1703 हा लिनिअर रेग्युलेटर 2 मायक्रोअँपिअरवर भागवतो आणि 16 व्होल्टपर्यंतचा इनपुट सोसतो, त्यामुळे चार्जिंगच्या 14.4 व्होल्टचीही धास्ती नाही.

पण तो 250 मिलिअँपिअरच देऊ शकतो आणि मोबाइल नेटवर्कवर संदेश पाठवणारा मोडेम ते काम करताना क्षणभर 2 अँपिअर ओढतो. म्हणून मायक्रोकंट्रोलर (यंत्र चालवणारी चिप) कायम एमसीपी1703 वर ठेवला आणि मोडेमसाठी एलएम2596 स्वतंत्र लावला. तयार मॉड्यूलवर त्याची पाचवी पिन ग्राउंडला जोडलेली असते. ती सोल्डर वितळवून अलगद उचलली आणि कंट्रोलरला जोडली. या पिनवर 3.3 व्होल्ट दिले की रेग्युलेटर बंद होऊन साधारण 80 मायक्रोअँपिअरवर येतो, आणि दोन्हींचा मिळून दिवसाचा खर्च सुमारे 2 मिलिअँपिअर-अवर उरतो.

खाऱ्या दमट हवेत मॉड्यूलवरच्या छोट्या प्रीसेटवर (स्क्रूने फिरवून आउटपुट ठरवणाऱ्या रेझिस्टरवर) विसंबणे मला पटले नाही. तो काढून मोजून निवडलेले स्थिर रेझिस्टर बसवले, आउटपुट 4 व्होल्टला पक्का केला, मोडेमलगत 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला आणि मगच बोर्डावर वॉर्निशचा हात फिरवला.