काकांचा शेवटचा शिक्का

आज आमचे काका विमानतळावरच्या इमिग्रेशनमधून, म्हणजे पासपोर्ट तपासणीतून, रिटायर झाले. इंदूरच्या रामबागेतल्या घरी पोहे-जलेबीच्या बशा फिरत होत्या आणि ते मात्र अंगठ्यावरची शिक्क्याची शाई न्याहाळत बसले होते. आधी बरीच वर्षं मुंबईत रात्रपाळी. २०१९ मध्ये इंदूरहून दुबईचं विमान सुरू झालं, तेव्हा बदली मागून घरी आले. "फोटोतला चेहरा बदलतो रे, कान सहसा बदलत नाहीत," हे त्यांचं नेहमीचं. लुकआउट सर्क्युलर, म्हणजे देशाबाहेर जाताना अडवायची सूचना, निघालेल्या माणसाला अडवणं त्यांना कधी जड गेलं नाही. पण एकदा एजंटानं खोटा व्हिसा देऊन फसवलेला पोरगा काउंटरवरच रडला. बापानं शेत गहाण टाकलं होतं. त्याला विमानात चढू देता आलं नाही. काकांनी आज त्याचीच आठवण काढली. माझ्याही घशाखाली पोहे उतरेनात.