होमर-लक्का संकर: तुरा आला, शेपटीचा घोळ कायम

एकदाचा तुरा आला! होमर (निरोप्या) आणि लक्का (पंख्यासारख्या शेपटीचं) या कबुतरांच्या जोडीच्या नातवंडांपैकी एका पिल्लाच्या डोक्यामागची पिसं उलटी फिरून टोक धरू लागलीत. पहिल्या पिढीत सगळी डोकी सपाट होती, कारण तुऱ्याचा गुण अप्रभावी आहे. आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. युटा विद्यापीठातल्या मायकेल शपिरो यांच्या गटानं २०१३ मध्ये यामागचं ईपीएचबी२ हे जनुक दाखवलं. तुरा येणार की नाही ते हे जनुक ठरवतं. साधं टोक की जॅकोबिन जातीच्या कबुतरासारखी डोक्याभोवती अख्खी कॉलर, हे मात्र इतर जनुकांच्या हाती.

शेपूट मात्र डोकं खातेय. होमरची पिसं १२, आमच्या लक्का मादीची ३०. त्यांची पिल्लं सगळी १४ ते १६ मध्ये, अगदी एकसारखी. आता नातवंडांत, एकाच घरट्यात, एक १३ आणि दुसरं २२! दाणा तोच, ढाबळ तीच. मी पुन्हा मोजलं. पिल्लू छातीशी धरून, उन्हात, एकेक पीस बोटानं बाजूला करत. दाट शेपटीत पिसं एकाखाली एक लपतात, म्हणून मुळाशीच मोजायचं. आकडा तोच.

शेपटीमागे एक जनुक नाही, पुष्कळ छोटी छोटी आहेत. पहिल्या पिढीत प्रत्येकाला लक्क्याचा निम्मा वाटा मिळतो, म्हणून सगळी सारखी. पुढच्या पिढीत पत्ते पिसले जातात. डार्विननं १८५९ मध्येच लिहिलंय की लक्क्याला १२-१४ ऐवजी ३०, अगदी ४० पिसं असतात आणि तेलग्रंथी (शेपटीच्या मुळाशी असणारी, पिसांना तेल पुरवणारी गाठ) नाहीशी झालेली असते. आमच्या २२ वाल्याला ग्रंथी आहे, तुरेवाल्याला नाही. म्हणजे हे गुण वेगवेगळे वाटले जातायत.

पिल्लं ओळखायला पायात घालायच्या छल्ल्यांबद्दल: प्लॅस्टिकचे घेऊच नका. पायावरच्या पिसांत शोधावे लागतात आणि आकडे पुसतात. बंद अ‍ॅल्युमिनियमचेच घाला.

बेत होता तुरेवाला नर आणि २२ वाली मादी एकत्र लावायचा. पण वहीतले आकडे इथे उतरवताना दिसलं की एका जोडीची भावंडं दर विणीला जवळजवळच्या आकड्यांची निघतात आणि दुसरीची लांब लांब. मग निवड एकेका पक्ष्याची कशाला, घरट्याची करू! म्हणून बेत बदलला. तुरेवाला दुसऱ्या वंशाच्या, तुरा असलेल्या लक्का मादीला लावतो, म्हणजे सगळी पिल्लं तुरेवाली. २२ वालीला तुरा असलेला लक्का नर देतो. साधारण निम्म्यांना तुरा आला तर तीही वाहक ठरेल, म्हणजे तुऱ्याचं जनुक तिच्यात लपलेलं आहे. घरट्यागणिक पिल्लांच्या पिसांची सरासरी आणि भावंडांच्या आकड्यांतलं अंतर, दोन्ही लिहीन.

कुणी घरट्यागणिक पिसं मोजली असतील तर आकडे जरूर टाका, जुने असले तरी चालतील.