व्हेंचुरीमीटर आणि कुणीतरी खाल्लेले ५ सेंटीमीटर

मेकॅनिकलला असताना आम्ही प्रॅक्टिकलची रीडिंग घ्यायचो कमी आणि बनवायचो जास्त. हे सांगायला लाज वाटत नाही, कारण ज्यानं कधीच रीडिंग सेट केलं नाही असा मेकवाला मला अजून भेटायचाय. पद्धत ठरलेली. सिनियरची फाईल आणायची, शेवटचं उत्तर बघायचं आणि तिथून उलटं गणित करत वर यायचं. सबमिशनच्या आठवड्यात हॉस्टेलच्या प्रत्येक रूममध्ये रात्री १ वाजता हेच चालू असायचं, मध्ये चहा, परत कॅल्क्युलेटर.

पण एसईला, म्हणजे इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये जे झालं ते अजून डोक्यातून जात नाही. प्रॅक्टिकल व्हेंचुरीमीटरचं, म्हणजे पाइपमधून किती पाणी वाहतं ते मोजायच्या यंत्राचं. पाइप मध्येच बारीक होतो, तिथे पाण्याचा वेग वाढतो, प्रेशर पडतं, आणि तो फरक मॅनोमीटरवर, म्हणजे पारा भरलेल्या यू आकाराच्या नळीत, दिसतो. त्यावरून थिअरीचा डिस्चार्ज, म्हणजे सेकंदाला किती पाणी जातं ते, काढायचं. खरा डिस्चार्ज काढायला पुढच्या टाकीत पाणी १० सेंटीमीटर चढायला किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉचवर मोजायचं. खरा भागिले थिअरीचा म्हणजे कोइफिशंट ऑफ डिस्चार्ज, आमच्या भाषेत सीडी. (जाता जाता, ज्याचं नाव आहे त्या व्हेंचुरीनं हे मीटर बनवलेलंच नाही. त्याचं काम १७९७ चं, मीटर केलं ते क्लेमेन्स हर्शेल नावाच्या अमेरिकन इंजिनियरनं, १८८० च्या दशकात. ओरलला हे कुणी विचारत नाही, सांगून पण मार्क मिळत नाहीत.)

सीडी ०.९७ च्या आसपास यायला पाहिजे हे सगळ्यांना पाठ असतं. आमचा आला १.१२. म्हणजे घर्षण वगैरे काहीच न धरता थिअरी जेवढं पाणी सांगते त्याच्यापेक्षा जास्त पाणी आमच्या टाकीत येत होतं, फुकटात. दुसऱ्या रीडिंगला १.०६. आणि वॉल्व्ह बराच बंद करून घेतलेल्या तिसऱ्याला १.३७! आधी वाटलं १२.६ च्या जागी १३.६ ने गुणलं असेल (पारा पाण्याच्या १३.६ पट जड, पण नळीत पाऱ्यावर पाणी पण असतं म्हणून एक वजा करून गुणायचं), ती चूक दर बॅचमध्ये दोघंतिघं तरी करतातच. पण त्या चुकीनं थिअरीचा आकडा फुगतो आणि सीडी उलटा कमी होतो. टाकीचा कॉक गळत असेल म्हणावं तर गळतीनं टाकी भरायला जास्त वेळ लागला असता, म्हणजे पुन्हा सीडी कमीच. मग म्हटलं जाऊ दे, करा सेट.

आता वाद असा की सेट काय करायचं, टाइम का मॅनोमीटर. पार्टनर म्हणाला टाइम वाढव ना, सोपं आहे, सरळ भागाकार. बघितलं तर एका रीडिंगला ९ टक्के, एकाला १५ आणि एकाला ४१ टक्के वाढवावा लागत होता, एवढं कुणाच्याही डोळ्यात आलं असतं. म्हणून मॅनोमीटरकडे वळलो. तिथे वर्गमूळ असतं, त्यामुळे सीडी १.१२ वरून ०.९७ वर आणायचा तर पाऱ्याचा फरक तिसऱ्या हिश्श्यानं वाढवावा लागतो. (एररचा पूर्ण चॅप्टर वर्गात झाला होता तेव्हा हे शिरलं नव्हतं, इथे चोरी करताना दहा मिनिटांत शिरलं.) गोल आकडे सांगतो, १५ चे २० करावे लागले, २५ चे ३० आणि ५ चे १०.

पार्टनर कागदाकडे बघत बसला आणि म्हणाला, "अरे, सगळीकडे पाचच वाढवतोय आपण."

मी म्हटलं योगायोग. तो म्हणाला तीनदा होतो का योगायोग. आणि खरंच, आम्ही तीन वेगवेगळी खोटी रीडिंग बनवत होतो आणि तिन्ही खोट्यांमधला फरक एकच निघत होता. म्हणजे मॅनोमीटरच प्रत्येक वेळी ५ सेंटीमीटर कमी दाखवत होता. फ्लो कमी असेल तिथे ५ म्हणजे अर्धं रीडिंग गेलं, म्हणून तिथे १.३७. फ्लो जास्त तिथे तेच ५ किरकोळ, म्हणून १.०६.

दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या मामांना गाठलं. त्यांनी पूर्ण ऐकून पण घेतलं नाही. "पोरांनो, नळीतली हवा काढली होती का?" आम्ही गप्प. त्यांनी पंप चालू केला, पुढचा वॉल्व्ह पूर्ण बंद केला. पाणी वाहत नाही म्हटल्यावर दोन्हीकडचा पारा एका लेव्हलला पाहिजे, तो नव्हता, ५ सेंटीमीटरचा फरक तसाच, फक्त उलट्या बाजूला. पाइपच्या रुंद भागाकडून, म्हणजे पाणी येतं त्या बाजूनं, मॅनोमीटरला येणाऱ्या प्लास्टिकच्या नळीत हातभर हवा अडकलेली स्पष्ट दिसत होती, आदल्या दिवशी तिच्यासमोर दोन तास उभं राहून आम्हाला दिसली नव्हती. पाण्याच्या जागी हवा म्हणजे त्या बाजूनं पाऱ्यावर वजन तेवढं कमी. ५ गुणिले १२.६, ६३ सेंटीमीटर. मामांनी पट्टी न लावता हाताच्या वितीनं मोजून दाखवलं, तीन विती भरली. मग मॅनोमीटरच्या वरचे छोटे कॉक उघडले, फुसफुस करत हवा गेली, पारा जागेवर.

परत रीडिंग घ्यायला वेळ नव्हता, पुढची बॅच दारात उभी होती. जर्नलमध्ये आम्ही ५ वाढवलेलीच रीडिंग गेली, सीडी ०.९७. आता ही खोटी म्हणायची का खरी यावर मेसमध्ये पार्टनरशी भांडण झालं, त्याचं म्हणणं की हे झीरो एररचं, म्हणजे मीटर शून्यालाच चुकत होता त्याचं, करेक्शन आहे, त्याला सेट करणं म्हणायचं नाही. मी म्हटलं करेक्शन असेल तर तसं लिही ना जर्नलमध्ये. त्यानं लिहिलं नाही. मी पण नाही.

ओरलला एक्स्टर्नलनी ते पान उघडलं, ०.९७ बघितलं, मान हलवली आणि विचारलं डायव्हर्जंट भाग, म्हणजे बारीक झाल्यावर पाइप परत रुंद होत जातो तो, लांब का असतो. कोन मोठा ठेवला तर फ्लो भिंत सोडतो, म्हणून ५ ते ७ अंशच ठेवतात, हे पाठ होतं. सुटलो.

फाईल पुढच्या वर्षी ज्युनियर घेऊन गेले. हवेचं मी त्यांना सांगितलं होतं, पण त्यांना फक्त रीडिंग पाहिजे होती.